‘ओ’च्याही पलीकडचं रक्त

(मंडळाच्या न्यू जर्सीतल्या वसंत संमेलनात दिलेलं व्याख्यान, दिवाळी अंकासाठी थोडं आवरून.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘रेण्वीय जीवशास्त्रातील अलीकडचे संशोधन : रोगांच्या कारणांपासून डीएनए-वाचनापर्यंत’ असा छापला आहे. एवढं सगळं मी सांगत बसले तर मागचा मसालेभात गार होईल आणि त्याचं पाप माझ्या माथी येईल. म्हणून आज एकच गोष्ट सांगते. ती परळच्या केईएम हॉस्पिटलात सुरू होते, आपल्या न्यू जर्सीतल्या रॅरिटन गावातून पुढे जाते, मिशिगनला वळसा घालते आणि डीएनए वाचणाऱ्या यंत्रापाशी येऊन थांबते. गोष्ट आहे ‘बॉम्बे’ रक्तगटाची. शहराचं नाव १९९५ साली मुंबई झालं, पण रक्तगटाचं नाव बदलायला अजून कोणी मोर्चा काढलेला नाही. जगभरच्या रक्तपेढ्यांत तो आजही ‘बॉम्बे’च आहे.

आधी थोडी उजळणी. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात १९०१ साली ए, बी, ओ हे गट दाखवून दिले. आपण शाळेत शिकलो की ए गटाच्या तांबड्या पेशीवर ए असतं, बीवर बी असतं, एबीवर दोन्ही आणि ओवर काहीच नसतं. यातलं शेवटचं वाक्य चूक आहे. ओच्या पेशीवर ‘काहीच नसतं’ असं नाही. तिथे काय असतं हे समजलं की आजचं निम्मं व्याख्यान समजलं.

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाशी फ्युकोज नावाची एक साखर जोडली जाते. समुद्रातल्या फ्युकस नावाच्या शेवाळावरून तिला हे नाव पडलं. फ्युकोज जोडलेल्या या टोकाला ‘एच’ म्हणतात. आपण त्याला भिंतीवरची खुंटी म्हणू. ए गटाच्या माणसाकडे या खुंटीवर टोपी अडकवणारं एन्झाइम असतं, बी गटाच्या माणसाकडे उपरणं अडकवणारं. एबीवाल्यांकडे दोन्ही. आणि ओ गटाच्या माणसाची खुंटी रिकामी, पण खुंटी आहेच! उलट ओच्या पेशीवर सर्वांत जास्त उघड्या खुंट्या असतात.

आता विचार करा, एखाद्याच्या भिंतीवर खुंटीच नसेल तर?

१९५२ साली केईएमच्या डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात अशा तीन माणसांचा अहवाल छापला. नेहमीच्या तपासणीत ती ओ वाटत होती. पण त्यांच्या रक्तद्रवात इतर ओ माणसांच्या पेशी मिसळल्या की गुठळ्या होत होत्या. ओला ओ चालत नाही, हे त्या काळी कोणालाही चक्रावून टाकणारं होतं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधले रॉबर्ट रेस, रूथ सँगर, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हेही त्या लेखाचे सहलेखक होते. (डीएनए वाचायची पद्धत शोधणारे फ्रेडरिक सँगर ते वेगळे. आडनावबंधू म्हणा.) निष्कर्ष असा की या माणसांच्या पेशींवर एच नाही. म्हणून त्यांचं शरीर ए आणि बीप्रमाणे एचलाही परकं समजतं आणि त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं.

याचा व्यवहारातला अर्थ भयंकर आहे. इथल्या इमर्जन्सी रूममध्ये अपघाताचा रुग्ण आला आणि गट तपासायला वेळ नसला, तर त्याला ओ रक्त लावतात. ओ म्हणजे सगळ्यांना चालणारं. बॉम्बे गटाच्या माणसाला तेच रक्त घातक ठरू शकतं. त्याची अँटी-एच अँटिबॉडी शरीराच्या तापमानाला जोरात काम करते, बाहेरून आलेल्या पेशी फोडते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, जीवही जाऊ शकतो. तुम्हाआम्हाला चालणारी जगातली कोणतीही ए, बी, एबी, ओची पिशवी त्याला चालत नाही. त्याला बॉम्बेच हवं. बाकी तो माणूस तुमच्यामाझ्यासारखा ठणठणीत असतो. रक्त लागेपर्यंत त्याला स्वतःलाही पत्ता नसतो.

आता आपल्या रॅरिटनकडे येऊ. तिथल्या ऑर्थो रिसर्च फाउंडेशनमध्ये फिलिप लेव्हिन नावाचे मोठे रक्तगटतज्ज्ञ होते. १९५५ साली त्यांनी इटालियन वंशाच्या एका कुटुंबाचा अभ्यास छापला. आईचं रक्त तपासणीत ओ दिसत होतं, पण तिने मुलीला बी दिला होता. जे जवळ नाही ते दिलं कसं? उत्तर असं की बीचं जनुक तिच्याकडे होतंच. उपरणं अडकवणारा हात तयार होता, पण अडकवायला खुंटी नव्हती. मुलीला वडिलांकडून खुंटीचं चांगलं जनुक मिळालं आणि आईचं उपरणं तिच्या खुंटीवर दिसू लागलं. म्हणजे खुंटीचं जनुक वेगळं आणि टोपी-उपरण्याचं वेगळं, हे त्या एका कुटुंबाने सिद्ध केलं.

इथे क्षणभर थांबते, कारण हा मुद्दा नुसता शास्त्राचा नाही. आई ओ, वडील ओ आणि मूल बी, असा कागद हातात आला की घरात संशयाचं भूत शिरायला वेळ लागत नाही. शाळेच्या पुस्तकातला तक्ता म्हणतो, हे अशक्य. तक्ता चूक नाही, पण तो खुंटी गृहीत धरतो. तपासणीने ‘ए आहे का, बी आहे का’ एवढंच विचारलं होतं. ‘एच आहे का’ असं विचारलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कागदावर येत नाही, मंडळी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

यानंतर पस्तीस वर्षं सगळं काम अँटिबॉडी आणि परीक्षानळ्यांवर चाललं. मग आलं १९९० साल. त्या एका वर्षात दोन दारं उघडली आणि दोन्ही अमेरिकेत. सिअ‍ॅटलमध्ये यामामोतो आणि हाकोमोरी यांच्या गटाने ए-बी-ओचं जनुक वाचलं. ए आणि बीच्या एन्झाइममध्ये फक्त चार अमिनो आम्लांचा फरक निघाला. आणि ओ? तिथे डीएनएमधलं एक, फक्त एक अक्षर गळालं होतं. डीएनएची अक्षरं तीन-तीनच्या गटात वाचतात. आपल्या पहिलीच्या पुस्तकासारखं वाक्य घ्या : छगन सरळ वळण बघत. यातला ‘ग’ काढा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा : छनस रळव ळणब घत. झाला सगळा गोंधळ! ओ गटाच्या बहुतेक लोकांत नेमकं हेच झालेलं असतं.

त्याच वर्षी अ‍ॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात, जॉन लो यांच्या प्रयोगशाळेने खुंटी बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक शोधून काढलं. त्याचं नाव एफयूटी-१. पत्ता : १९वं गुणसूत्र. ३६५ अमिनो आम्लांचं एन्झाइम. आता प्रश्न होता, केईएमच्या त्या माणसांसारख्या भारतीय लोकांत या जनुकाचं काय बिनसलं आहे? उत्तर १९९७ साली जपानमधल्या कोडा आणि सहकाऱ्यांनी दिलं. जनुकातल्या ७२५व्या जागी टी हवा तिथे जी आहे. त्यामुळे एन्झाइमच्या साखळीत २४२व्या जागी ल्युसीनऐवजी आर्जिनीन येतं. ल्युसीन पाण्यापासून दूर राहणारं, आर्जिनीन विद्युतभारित आणि पाण्यात रमणारं. चुकीच्या पाटावर चुकीचा पाहुणा बसावा तसं होतं आणि एन्झाइमचं काम बंद पडतं.

पण एवढ्यावर भागत नाही. शेजारीच एफयूटी-२ नावाचं जुळं जनुक आहे. एफयूटी-१ तांबड्या पेशींवर खुंट्या ठोकतं, एफयूटी-२ लाळेत आणि आतड्याच्या अस्तरावर. भारतीय बॉम्बे गटात हे दुसरं जनुक सुमारे दहा हजार अक्षरांच्या तुकड्यासकट गायबच आहे. ही दोन्ही जनुकं इतकी शेजारी-शेजारी असल्यामुळे दोन्ही बिघाड जोडीनेच, वारशाच्या दागिन्यांसारखे, पिढ्यान्‌पिढ्या पुढे येतात.

आता तुम्ही म्हणाल, खुंटी नसली तरी माणूस ठणठणीत, मग निसर्गाने ती ठेवली तरी कशाला? याचं पुरं उत्तर कोणाकडे नाही, पण काही धागे सुंदर आहेत. क्रूझवर उलट्या-जुलाबांची साथ आणणारा नोरोव्हायरस आतड्याला चिकटताना याच साखरेचा आधार घेतो. ज्यांचं एफयूटी-२ बंद आहे त्यांना या विषाणूच्या बऱ्याच प्रकारांची बाधा सहसा होत नाही, हे नॉर्थ कॅरोलिनातल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं. रक्त गोठवणाऱ्या व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाच्या प्रथिनावरही याच साखरा असतात. म्हणून ओ गटाच्या लोकांत त्याचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के कमी असतं आणि शिरेत गुठळी होण्याचा धोकाही कमी.

आणि एक धागा मात्र दुःखाचा. १९९२ साली इस्रायलमध्ये दोन मुलं सापडली. रक्तगट बॉम्बे, पण ही ठणठणीत नव्हती. वारंवार गंभीर संसर्ग, वाढ खुंटलेली, बुद्धीचा विकास मंद. त्यांच्यात खुंटी ठोकणारं एन्झाइम बरोबर होतं. लाकूडच कारखान्यात पोचत नव्हतं. फ्युकोज पेशीच्या आतल्या कारखान्यात नेणारा वाहक बिघडला होता. तो कोणता, हे २००१ मध्ये समजलं. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून थांबायला फ्युकोजचीच पकड लागते. ती नसल्यामुळे सैनिक रणांगणावरून नुसते वाहून जात होते. याच रोगाच्या एका तुर्की मुलाला जर्मनीत तोंडाने फ्युकोज दिलं, तर पांढऱ्या पेशींवर पकड परत आली आणि संसर्ग कमी झाले. १९९९ सालची ही गोष्ट. इस्रायली मुलांना मात्र त्या वेळी तसा गुण आला नाही. रोगाचं नाव एक, जनुक एक, पण बिघाडाचं अक्षर वेगळं, आणि म्हणून उपचाराचं फळ वेगळं. कागदावर सगळ्यांचा रक्तगट एकच, ‘बॉम्बे’. फरक कळला तो जनुकाचं अक्षर न्‌ अक्षर वाचल्यावर.

हे वाचन किती सोपं झालंय पाहा. माणसाचा जीनोम पहिल्यांदा वाचायला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं लागली. आज एका माणसाचा जीनोम काही शे डॉलरमध्ये आणि एक-दोन दिवसांत यंत्रातून बाहेर पडतो. मग अडलंय कुठे? अडलंय ते तुलनेत. तुमच्या जीनोममध्ये एखादं वेगळं अक्षर दिसलं, तर ते निरुपद्रवी की धोक्याचं हे ठरवायला तुमच्यासारख्या हजारो लोकांचे जीनोम हाताशी लागतात. बरीच वर्षं जगातले बहुतेक जीनोम युरोपीय वंशाच्या लोकांचे होते. भारताने २०१९ मध्ये इंडिजेन प्रकल्पात हजाराहून अधिक आणि त्यानंतर जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे दहा हजार लोकांचे जीनोम वाचले. ८३ समाजगटांतल्या लोकांची ही माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली.

समाजगट का मोजावे लागतात? कारण आपण लग्नं कशी करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. जात, पोटजात, आणि पूर्वी तर मामेबहीण हक्काची. भाटिया आणि संघवी यांनी १९६२ मध्येच बॉम्बे गट आणि नात्यातली लग्नं यांचा संबंध मांडला होता. हा गट दिसायला आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते, आणि एकाच आजोबांची प्रत दोन बाजूंनी यायची शक्यता नात्यातल्या लग्नात वाढते. २०१७ मध्ये हार्वर्डचे डेव्हिड राइक आणि हैदराबादचे के. थंगराज यांच्या गटाने दक्षिण आशियातले २६०हून अधिक समाज तपासले. त्यांतले ८१ समाज इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले निघाले की त्यापुढे फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यूही मागे पडले. तेलुगू वैश्य समाजाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणारं एक नेहमीचं औषध त्यांच्यातल्या काहींच्या शरीरात लवकर विरत नाही आणि श्वास परत यायला फार वेळ लागतो. भूलतज्ज्ञाने आधी विचारलं तर धोका टळतो.

पुन्हा तेच वाक्य : न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कागदावर येत नाही. आपण इथे अल्पसंख्य आहोत. आपल्या रक्तात कोणते प्रश्न विचारायचे हे इथल्या डॉक्टरला आपोआप सुचेलच असं नाही. ते आपण सुचवायला हवं.

बॉम्बे गट युरोपात दहा लाखांत एखाद्याचा, भारतात साधारण दहा हजारांत एकाचा. १९७४ मध्ये छापलेल्या पाहणीत मुंबईत ७,६०० जणांमागे एक असा आकडा आहे. ज्याला हे रक्त लागेल त्याची सर्वांत चांगली आशा म्हणजे सख्खा भाऊ किंवा बहीण, कारण त्यांच्यात तोच गट असण्याची शक्यता चारात एक. गावात राहणाऱ्या माणसाचा भाऊ पलीकडच्या आळीत असतो. आपले भाऊ-बहीण कुठे आहेत? एक कोल्हापूरला, एक सिडनीला. सातासमुद्रापलीकडच्या संसाराची ही एक किंमत आहे आणि ती कुठल्याही इमिग्रेशनच्या फॉर्मवर लिहिलेली नसते.

म्हणून नोंदी महत्त्वाच्या. अमेरिकेत १९९८पासून अमेरिकन रेअर डोनर प्रोग्रॅम आहे. दुर्मिळ रक्ताच्या पेशी ग्लिसरॉल घालून गोठवून दहा वर्षं ठेवता येतात. साधी पिशवी बेचाळीस दिवसांत बाद होते. बॉम्बे गटाचा माणूस ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी स्वतःचंच रक्त साठवू शकतो. भारतात मुंबईचं थिंक फाउंडेशन आणि बंगळुरूचं संकल्प इंडिया फाउंडेशन अशा दात्यांना जोडतात. मे २०२४ मध्ये महाराष्ट्रातला एक दाता एका अनोळखी बाईसाठी चारशेहून अधिक किलोमीटर गाडीने इंदूरला गेला आणि रक्त देऊन आला. यंत्रं, जनुकं, ७२५वं अक्षर सगळं खरं, पण शेवटी पिशवी भरली ती एका माणसाच्या दंडातून.



*श्रोत्यांच्या काही प्रश्नांची उत्तरं*

माझा गट ओ पॉझिटिव्ह आहे. मी बॉम्बे असू शकतो का?
शक्यता फार थोडी, पण प्रश्न योग्य. इथे रक्त देण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी ‘अँटिबॉडी स्क्रीन’ करतात. त्यात ओ गटाच्या पेशी वापरतात, त्यामुळे बॉम्बे माणूस लगेच नजरेत येतो. ज्या बायकांची बाळंतपणं अमेरिकेत झाली त्यांची ही तपासणी बहुधा होऊन गेलेली असते. पुरुषमंडळींनो, तुमची बहुतेक राहिलेली असते. रक्तदान करा, एका सुईत दोन कामं होतील. शंका आली तर ‘युलेक्स’ नावाच्या झुडपाच्या बियांचा अर्क वापरून एचची थेट तपासणी करतात.

थुंकी पाठवून घरबसल्या डीएनए तपासतात, त्यात कळेल?
त्यावर विसंबू नका. ती तपासणी बहुधा आधी ठरवलेल्या काही लाख जागा बघते, सगळा जीनोम वाचत नाही. रक्तपेढ्यांसाठी २०१४ मध्ये इथे मान्य झालेल्या पहिल्या डीएनए-चाचणीतही ३५ अँटीजेन आहेत, पण एच नाही. जे विचारलं तेवढंच उत्तर!

बॉम्बे रक्त कृत्रिमरीत्या बनवता येईल का?
न्यू यॉर्कमध्ये जॅक गोल्डस्टीन यांनी १९८२ साली कच्च्या कॉफीच्या बियांतलं एन्झाइम वापरून बीचं ओ करून दाखवलं होतं. उपरणं काढलं, पण खुंटी राहिली, म्हणून बॉम्बेला त्याचा उपयोग नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या तांबड्या पेशी २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये माणसाला अगदी थोड्या प्रमाणात, चमचाभर, देऊन पाहिल्या आहेत. चमच्यापासून पिशवीपर्यंत अजून बरीच मजल आहे.

भारतातून नुकतेच आलो, रक्त देता येईल?
मलेरियामुळे काही काळ थांबावं लागू शकतं. किती, ते तुम्ही भारतात कुठे आणि किती दिवस होतात यावर आहे. नियम बदलत असतात, तेव्हा जवळच्या केंद्राला फोन करून विचारा. आणि तोवर भावाला, बहिणीला फोन करून त्यांचा रक्तगट विचारून ठेवा. ‘ओ’ म्हणाले, तर पुढचा प्रश्न कोणता, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.